अवजार, खत, धान्य, गुरं आणि मग माणूस

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा ग्रंथ कुणी वाचनाच्या ओढीने हाती घेत नाही. तलाठ्याला, वकिलाला, जमिनीच्या वादात सापडलेल्या शेतकऱ्याला त्यातलं एखादं कलम लागतं, तेवढ्यापुरता तो उघडला जातो आणि मिटला जातो. पण त्याच्या दुसऱ्या कलमात, शब्दांचे अर्थ ठरवून दिले आहेत तिथे, नवव्या क्रमांकावर शेतघराची व्याख्या आहे. ती ओळीओळीवर थांबत वाचावी अशा योग्यतेची आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत तर ती वाचल्यावाचून भागतच नाही. गुरं गेलेले गोठे, पेंढा नसलेले माळे, कुलूप लागलेली खळ्याकाठची कोठारं इथे गावोगाव दिसतात. त्यांचं राहतं घर करता येईल का, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्या मुलालाही पडतो आणि मुंबईहून जमीन बघायला आलेल्यालाही. दोघंही तो एजंटाला विचारतात. उत्तर मात्र त्या व्याख्येत आणि पुढच्या कलम ४१ मध्ये आहे, आणि माझ्या मते ते फार शहाणपणाचं उत्तर आहे.

व्याख्येचा आशय आपल्या बोलीत सांगतो. शेतीसाठी आकारणी झालेल्या किंवा शेतीसाठी धारण केलेल्या जमिनीवर उभारलेलं बांधकाम म्हणजे शेतघर. कशासाठी उभारलेलं? शेतीची अवजारं, खत किंवा वैरण ठेवण्यासाठी. शेतमाल साठवण्यासाठी. गुरांच्या निवाऱ्यासाठी. खातेदाराच्या कुटुंबातली माणसं, त्याचे नोकर किंवा त्याची कुळं यांच्या राहण्यासाठी. किंवा त्याच्या कसण्याच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या आणखी कुठल्या कामासाठी. पाच पोटकलमं, एवढाच मजकूर.

यातला क्रम पाहावा. आधी अवजार, मग खत आणि वैरण, मग धान्य, मग गुरं. माणूस येतो चौथ्या पोटकलमात. कायद्याच्या यादीत क्रमाला अर्थ नसतो असं वकील सांगतील, आणि कोर्टात ते खरंही असेल. पण लिहिणारा यादी करतो ती डोळ्यांपुढे उभ्या असलेल्या चित्रावरून. या यादीमागे जे चित्र आहे, त्यात घर शेताच्या कामातून हळूहळू वाढत गेलं आहे. पहिल्यांदा नांगर पावसात भिजू नये म्हणून आडोसा झाला, त्याच्या शेजारी शेणखताची जागा झाली, वर पेंढा रचला गेला, भात आलं, बैल आले, आणि या सगळ्याची राखण करायला कुणीतरी रात्री तिथेच अंग टाकू लागलं. शेतावर माणूस राहू लागतो तो असा. व्याख्या हा इतिहास सांगत नाही, पण तिच्या बांधणीत तो आहे.

कशेळ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या डोंगराकडे सरकत गेलं की असा एखादा जुना गोठा अजून उभा दिसतो. भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या पट्ट्यांनी बांधून, वर शेणमातीचा लेप. हा लेप भिंतीच्या माथ्यापर्यंत नेलेला नसतो. वरची दीड-दोन हात कारवी उघडीच असते, तिथून वारा खेळतो आणि आतल्या ओल्या गुरांची वाफ बाहेर जाते. खांब ऐनाचे किंवा सागाचे. गव्हाणीची कड गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेली. जमीन एका अंगाला उतरती, गोमूत्र वाहून जावं म्हणून. डोक्यावर लाकडी माच, त्यावर पेंढा. पावसाळ्यात तो पेंढा वैरण असतो आणि त्याच वेळी खालच्या गुरांना ऊबही देतो. उतार इतका तीव्र की छपराची पागोळी गुडघ्याच्या उंचीवर येते. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत पडतो. त्या पावसाला हे छप्पर दिलेलं उत्तर आहे.

अशा गोठ्यापुढे उभं राहून व्याख्या पुन्हा वाचली की लक्षात येतं की तिच्या पहिल्या तीन पोटकलमांतलं सगळं या एका छपराखाली मावत होतं. खाली गुरं, वर वैरण, कोपऱ्यात नांगर आणि जू, दुसऱ्या कोपऱ्यात शेणाने सारवलेली भाताची कणगी. बाहेर उकिरडा. आणि खत म्हटलं की इथे नुसतं शेणखत येत नाही. या भागात भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात: शेण, पालापाचोळा, झाडाच्या तोडलेल्या टहाळ्या, गवत यांचे थर देऊन जमीन भाजून काढायची, मग त्यात दाणे पेरायचे. राबाचा माल उन्हाळ्यात गोळा करून कोरडा ठेवावा लागतो. खत साठवायला छप्पर लागतं हे एखाद्या बागाईतदाराला नवल वाटेल, राब भाजणाऱ्याला नाही वाटणार.

व्याख्येतला आणखी एक तुकडा सहज नजरेतून सुटतो. बांधकाम ज्या जमिनीवर आहे तिच्याशी संबंधित काम असावं, इतकंच म्हणून ती थांबत नाही. त्या खातेदाराच्या मालकीच्या किंवा तो कसत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही जमिनीशी संबंधित काम असलं तरी चालेल, असं ती म्हणते. हे शब्द नसते तर कोकणातला निम्मा शेतकरी या व्याख्येबाहेर राहिला असता. उल्हास आणि पेज नद्यांच्या काठची भातखाचरं खाली, गवताची आणि राबाची वरकस जमीन वर डोंगराच्या अंगाला, मधे कुणा भाऊबंदाचा तुकडा. गोठा असतो वरच्या कोरड्या जागी आणि तो राबत असतो खालच्या खाचरासाठी. शेती म्हणजे एकसंध पटांगण नव्हे, ती विखुरलेली असते आणि तरी एक असते, हे ज्याने ही ओळ लिहिली त्याला नक्की ठाऊक होतं.

धान्य साठवण्याबद्दलचं दुसरं पोटकलम अगदी थोड्या शब्दांचं आहे, पण कर्जत तालुक्यात ते वाचताना भाई कोतवालांची आठवण होणारच. माथेरानला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी त्यांनी इथल्या शेतकऱ्यासाठी भाताच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या, हे कमी आठवलं जातं. पावसाच्या तोंडावर घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून भात आणायचं आणि सुगीला दीडपटीने फेडायचं, या फासातून सुटण्याचा तो मार्ग होता. धान्य ठेवायला स्वतःची जागा असणं म्हणजे भाव पडलेला असताना न विकण्याचं, उपासाच्या दिवसांत हात न पसरण्याचं बळ असणं. कायद्याने कोठाराला शेताचा भाग मानलं त्यात हे बळ धरलेलं आहे.

गुरं गेली कशी, हे फार लांबवून सांगायला नको. पॉवर टिलर आला, ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला, मुलं कर्जत लोकलने कामाला जाऊ लागली किंवा खोपोलीच्या कारखान्यांत लागली. नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी तर चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळून गादीवाफ्यावर भात घेण्याचं तंत्र रूढ केलं. चिखलणी नाही म्हटल्यावर बैलाचं मोठं कामच संपलं. गोठा रिकामा पडण्याची ही कारणं सारखी नाहीत. एका ठिकाणी शेती सुटली म्हणून गोठा रिकामा आहे, दुसरीकडे शेती बदलली म्हणून. इमारतीकडे बघून हा फरक कळत नाही, पण कायद्याच्या लेखी सगळं त्यावरच ठरतं. कसं, ते कलम ४१ कडे वळल्यावर उलगडतं.

या कलमाचं पहिलं पोटकलम विश्वासाच्या सुरात लिहिलं आहे. शेतजमिनीच्या खातेदाराला ती जमीन अधिक चांगली कसता यावी किंवा त्याच कामासाठी अधिक सोयीने वापरता यावी म्हणून शेतघर बांधण्याचा, विहीर किंवा तळं खोदण्याचा, इतर सुधारणा करण्याचा हक्क आहे. स्वतः करा, नोकरांकडून, कुळांकडून, मुखत्यारामार्फत करा. घर, विहीर आणि तळं एकाच वाक्यात, एकाच दर्जाने आली आहेत, हे मला या संपूर्ण मजकुरातलं सर्वांत सुंदर स्थळ वाटतं. विहीर जशी जमिनीची सुधारणा, तसंच घरही. विहिरीला जसा पिकावाचून अर्थ नाही, तसा शेतघरालाही नाही. शेतावर घर बांधणं हा जमिनीवर पडलेला भार नसून जमिनीला मिळालेली मदत असू शकते, हा विचार इथे कुठलंही भाषण न करता, केवळ तीन नामं शेजारी ठेवून मांडला आहे.

आणि इथेच गोठ्याच्या घराचं कोडंही सुटतं. गोठा आणि राहतं घर ही दोन्ही त्या एकाच व्याख्येची लेकरं आहेत. गुरांच्या निवाऱ्याचं माणसाच्या निवाऱ्यात रूपांतर केलं तरी बांधकाम शेतघरच राहतं. ते शेतीच्या वापरातून बाहेर पडत नाही. जमिनीचा वापर बदलला असं मानून अकृषिक परवानगीच्या कलमांकडे जाण्याची वेळ तेव्हाच येते, जेव्हा कसणं थांबतं आणि नुसतं राहणं उरतं. आपल्या कायद्याचा प्रश्न भिंतींना नाहीच. त्याचा प्रश्न बांधापलीकडच्या खाचराला आहे: तू पिकतोस का?

कलम ४१ च्या दुसऱ्या पोटकलमापासून मात्र सूर बदलतो. हा भाग १९८६ च्या दुरुस्तीने आला. मुंबई, पुणे आणि नागपूर महापालिकांच्या हद्दी आणि त्यांच्याभोवतीचा आठ किलोमीटरचा पट्टा, इतर महापालिकांभोवती पाच, अ वर्ग नगरपरिषदांभोवती तीन, ब आणि क वर्ग नगरपरिषदांच्या हद्दी, आणि प्रादेशिक योजनेत किंवा नगररचना योजनेत आलेलं क्षेत्र: इथे शेतघर नव्याने बांधायचं असो, की जुन्याची दुरुस्ती, पुनर्बांधणी, फेरबदल किंवा वाढ करायची असो, आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. हे पट्टे नकाशावर काढून पाहिले तर कायद्याला धास्ती कशाची वाटत होती ते बोलून दाखवावं लागत नाही. शहराच्या कडेने शेतघराच्या नावावर बंगले उठत होते. कर्जत, खोपोली, माथेरान इथे नगरपरिषदा आहेत, दोन्ही तालुक्यांचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशात येतो, माथेरानभोवती ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र झालेलं आहे, आणि सिडकोच्या नैना प्रकल्पाची हद्द खालापूरपर्यंत आलेली आहे. त्यामुळे या भागात रिकाम्या गोठ्याला हात लावण्याआधी अर्ज करावा लागतो, असंच धरून चालावं. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली, विजेचा मीटर बसला, म्हणजे घर कायदेशीर झालं असं इथे सर्रास समजलं जातं. घरपट्टीची पावती ही परवानगी नव्हे. या गैरसमजापायी माणसं आयुष्याची पुंजी घालून बसतात, म्हणून हे ठणकावून सांगणं भाग आहे.

आता आकडे. एरवी आकड्यांचं रसग्रहण कुणी करत नाही, पण हे आकडे विचार करून लिहिलेले आहेत. जमीन ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगी नाही. म्हणजे चाळीस आर, साधारण साडेएकोणचाळीस गुंठे, अदमासे एकर. त्यावर ०.६ हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत, आणि त्याहून मोठ्या जमिनीवर सगळी शेतघरं मिळून ४०० चौरस मीटरपर्यंत. पण या ४०० मध्ये राहण्यासाठी म्हणून जे असेल ते मात्र १५० च्याच आत, जमीन कितीही मोठी असो. चार हजार चौरस मीटरमधले दीडशे म्हणजे शंभरातले पावणेचार. उरलेले सव्वाशहाण्णव भाग आभाळाखाली. शिवाय हे माप कसं वाढतं ते बघा: जमीन वाढली तर कोठाराला, गोठ्याला, अवजारांच्या जागेला वाढायची मुभा आहे, माणसाच्या दिवाणखान्याला नाही. व्याख्येत चौथ्या जागी बसवलेला माणूस आकड्यांतही आपल्या जागी ठेवला आहे. दीडशे चौरस मीटर म्हणजे सोळाशे चौरस फुटांच्या वर. मुंबईत एवढ्या जागेत दोन-तीन कुटुंबं राहतात, तेव्हा यात कुणाची अडचण व्हावी असं वाटत नाही.

नेरळपासून चौकपर्यंत रस्त्याकडेला पाच गुंठ्यांच्या, दहा गुंठ्यांच्या फार्महाऊस प्लॉटच्या पाट्या असतात. पाच गुंठ्यांवर कलम ४१ खालची परवानगी मिळत नाही. एका मोठ्या सातबाऱ्यावर अनेकांची सामाईक नावं चढवून ही अडचण ओलांडता येईल असं सांगितलं जातं. पण कलम ४१ चं चौथं पोटकलम त्याचीही वाट अडवतं: व्याख्येतल्या प्रत्येक कामासाठी एकापेक्षा जास्त शेतघर नाही. एका धारणेवर एक गोठा, एक कोठार, एक राहतं घर. वीस बंगल्यांची रांग या वाक्यात बसत नाही.

त्याच पोटकलमात उंचीचंही बंधन आहे. जोत्यापासून पाच मीटर, आणि तळमजला एवढाच. हा पाच मीटरचा आकडा मी बराच वेळ घोळवला आहे. एक मजली सपाट स्लॅबच्या घराला तीन-सव्वातीन मीटर पुरतात. मग वरचं पावणेदोन-दोन मीटर कशासाठी? उतरत्या छपरासाठी ते तंतोतंत पुरतं. सहा मीटर रुंदीचं घर घ्या, आढं मधोमध, दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर. तीस अंशांचा उतार दिला तर आढं भिंतीच्या माथ्यापासून १.७ मीटरच्या आसपास वर जातं. भिंत तीन मीटर, वर १.७, आणि पाच मीटरला थोडी जागा उरते. म्हणजे कौलारू घर, वर माळा किंवा माच, पावसाला साजेसा उतार, हे सगळं या बंधनात सुखाने बसतं. बसत नाही ते दुसऱ्या मजल्याचं गच्चीवालं घर. ज्याला जुना गोठा राखून त्यात राहायचं आहे त्याला या आकड्याची तक्रार करण्याचं कारण नाही, कारण तो जुना गोठा बहुधा याहून ठेंगणाच असतो.

आणि मग जुन्या बांधकामाबद्दलचं खास वाक्य येतं. जुन्या शेतघराची दुरुस्ती, पुनर्बांधणी, फेरबदल किंवा वाढ या कमाल जोत्याच्या आणि पाच मीटर तळमजल्याच्या मर्यादेपलीकडे जात असेल तर परवानगी देता येत नाही. मर्यादेच्या आत असेल तर जुन्याला आणि नव्याला एकच माप. साठ चौरस मीटरचा गोठा राहण्यासाठी करताना दीडशेपर्यंत वाढवायला इथे जागा आहे. जुनेपणाचा दंड नाही, जुनेपणाचं बक्षीसही नाही.

याच्या शेजारी इंग्लंडचा नियम ठेवून पाहिला की आपल्या मजकुराची प्रकृती आणखी स्पष्ट होते. तिथे २०१४ पासून शेतातल्या जुन्या इमारतीचं राहत्या घरात रूपांतर करायला पूर्ण परवानगीऐवजी सुटसुटीत मंजुरीची वाट मिळाली. त्याला ‘क्लास क्यू’ म्हणतात. मे २०२४ मधल्या बदलानंतर एका शेतीघटकावर दहापर्यंत घरं आणि एकूण एक हजार चौरस मीटर चालतात, आणि एका घराला कमाल मर्यादा आहे १५० चौरस मीटरची. आकडा तोच, पण दोन्हीकडे त्याच्यामागचा विचार वेगळा. तिथे हक्काचा आधार म्हणजे इमारतीचा सांगाडा. २०१६ मध्ये हिबिट यांच्या खटल्यात तिथल्या उच्च न्यायालयापुढे पोलादी सांगाड्याचं, तीन बाजूंनी बहुतांशी उघडं असं एक शेतातलं बांधकाम होतं. त्याला सगळ्या भिंती नव्याने घालायच्या तर ते रूपांतर म्हणायचं की नवं बांधकाम, हा मुद्दा होता. ते नवं बांधकाम ठरलं आणि ती वाट त्या अर्जदाराला बंद झाली. तिथल्या नियमात इमारत उरली पाहिजे, शेती त्या घराभोवती उरो न उरो. आपल्याकडे इमारत उरो न उरो, शेती उरली पाहिजे. दोन भूभागांच्या काळज्या वेगळ्या, पण भातखाचरांच्या या पट्ट्यापुरती मला आपलीच काळजी अधिक निकडीची वाटते.

मात्र तिथल्या नियमात जे आहे आणि आपल्यात नाही, त्याचं दुःखही वाटतं. आपली संहिता कारवीच्या कुडाला, ऐनाच्या खांबाला, नळीच्या कौलांना काहीच किंमत देत नाही. दीडशे मीटर आणि पाच मीटर पाळून कुणी तो गोठा मुळापासून उखडला आणि तिथे काँक्रीटची पेटी उभी केली, तरी कायदा ब्र काढणार नाही. कुडाच्या माथ्यावरची वाऱ्याची फट विटांनी बुजवायची, मग आत उकडतं म्हणून वातानुकूलन यंत्र बसवायचं, असं रूपांतर मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता ते नवं राहिलेलं नाही. उतरती जमीन सपाट करावी लागेल, ओल अडवावी लागेल, वाळवीचा बंदोबस्त करावा लागेल, हे सगळं खरं. पण ती फट जाळी लावून ठेवता येते, माच झोपायला वापरता येते, गव्हाणीच्या दगडी कडेवर ओटा बांधता येतो. हे सुचवणारं एखादं परिशिष्ट, एखादा नमुना आराखडा परवानगीच्या कागदांबरोबर मिळाला असता तर या कलमाचं भलं झालं असतं.

व्याख्येच्या पाचव्या पोटकलमाबद्दलही एक शंका राहते. कसण्याच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेलं आणखी कुठलंही काम. या ओळीवर भार टाकण्याचा मोह फार होतो. पण ती ओळ नीट वाचली तर सैल नाही. काम अविभाज्य असलं पाहिजे, म्हणजे ते काढून घेतलं तर कसणं अडलं पाहिजे. आणि व्यवस्था त्याची, म्हणजे त्या खातेदाराची, प्रत्यक्ष चालू असलेली असली पाहिजे. मळणी यंत्राची जागा यात बसते, पंपाची खोली बसते, बी-बियाणं वाळवायची पडवी बसते. पोहण्याचा तलाव बसत नाही, त्याला शेततळं म्हटलं तरी.

ही कसण्याची अट कुठे तपासली जाते? सातबाऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात, गाव नमुना बारामध्ये. वरचा सात म्हणजे मालकी, तिथे सगळ्यांची नजर जाते. खालच्या बारात वर्षवार पिकं लिहिलेली असतात: भात, वरी, नाचणी, वाल, गवत, किंवा नुसतं पड. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर, शेतात उभं राहून, फोटोसह करायची सोय झाली. गोठ्याचं घर करायला निघालेल्याने आपल्या बारा नमुन्याकडे आधी पाहावं. तिथे ओळीने पड असेल तर त्याला शेतघर नको आहे, बंगला हवा आहे. त्याने प्रामाणिकपणे अकृषिक परवानगीच्या वाटेने जावं, ती वाट कायद्याने मोकळी ठेवलेली आहे. बाकी अटी ओळखीच्या आहेत. कूळ कायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकू देत नाही. संहितेचं ३६ अ हे कलम आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ देत नाही, आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या या मुलखात ते कलम कागदोपत्री राहून चालत नाही.

शेवटी व्याख्येच्या चौथ्या पोटकलमाकडे परत यावंसं वाटतं, कारण माणूस तिथेच आहे. कुटुंबातली माणसं, नोकर, कुळं. तिघं एका दमात, मधे कुठलाही दर्जा न लावता. ही संहिता आली १९६६ मध्ये. त्याच्या नऊ वर्षं आधी, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारं कूळ मालक ठरलं होतं, आणि त्याच्याही मागे याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षं कुळांनी खोतांच्या जमिनी पड ठेवून संप केला होता. तो संप ज्यांनी केला त्यांची झोपडी खोताच्या जमिनीवर होती. तो म्हणेल तेव्हा उठावं लागायचं. त्या सगळ्यानंतर लिहिलेल्या व्याख्येत कुळाचं आणि नोकराचं राहणं हे शेतघराचं मूळ प्रयोजन म्हणून नोंदलं गेलं. खातेदाराचं स्वतःचं नाव राहणाऱ्यांत नाहीच. तो येतो तो फक्त ‘खातेदाराचे’ म्हणून, त्याच्या माणसांच्या मागे.

आज या दोन तालुक्यांतल्या बहुतेक शेतघरांत शनिवार-रविवार सोडून जे राहतं ते राखणदाराचं कुटुंब आहे, बहुधा कातकरी किंवा ठाकर. झाडांना पाणी घालणं, भात लावणं-कापणं, कुत्र्यांना सांभाळणं, रात्री दिवा लावणं, सगळं त्यांच्याकडे. कसण्याची जी अट कायद्याने घातली ती प्रत्यक्षात तेच पाळतात, आणि त्यांच्याच हातांमुळे मालकाच्या बारा नमुन्यावर भात चढतो. त्यांना मिळतं काय, तर कुंपणाच्या कडेला पत्र्याची दहा बाय दहाची खोली, बऱ्याचदा मंजूर आराखड्यात नसलेली, म्हणून संडास नाही, नळ नाही, मीटर नाही. कलम ४१ ने दिलेल्या दीडशे चौरस मीटरवर त्यांचा हक्क मालकाच्या कुटुंबाइतकाच आहे. राहण्याची मर्यादा दोघांची मिळून एक आहे. म्हणून जुना गोठा घर म्हणून उभा करणाऱ्या प्रत्येकाने आराखडा काढतानाच त्यात राखणदाराच्या दोन खोल्या काढाव्यात, मोरी आणि संडासासकट, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जाईल तेव्हा जोत्याच्या बेरजेत त्या खोल्यांचं क्षेत्र धरलेलं असावं. अर्ज तपासणाऱ्यानेही ते शोधावं. व्याख्येच्या चौथ्या पोटकलमातला तो दुसरा शब्द, नोकर, नकाशावर कुठे आहे, हा प्रश्न विचारायला त्याला वेगळा अधिकार लागत नाही.